बार्शी लाईट, 1:87

मॉडेल रेल्वेचा नाद लागलेल्या माणसाला आज ना उद्या इंग्लंडमधली एखादी ब्रँच लाईन बांधावीशी वाटते. त्याला कारण आहे. मोठं जंक्शन बांधायचं तर घराचा हॉल रिकामा करावा लागेल आणि घरच्यांना दुसरीकडे हलवावं लागेल. ब्रँच लाईनचं तसं नाही. मुख्य मार्गापासून फुटून आत कुठल्यातरी खेड्यात जाऊन संपणारा एकेरी रूळ. शेवटच्या स्टेशनात एक फलाट, एक मालधक्का, पाण्याची टाकी, छोटं इंजिन आणि दोन डबे. आठ फूट बाय दीड फुटाच्या फळीवर सगळा संसार मावतो. फळीच्या एका टोकाला आडोसा, आणि आडोशामागे दोन-तीन रूळ, म्हणजे 'बाकीचं जग'. गाडी तिथूनच येते आणि तिथेच परत जाते. ह्या जागेला ते लोक फिडल यार्ड म्हणतात. 'थॉमस द टँक इंजिन'वाले रेव्हरंड ऑड्री ह्यांनी थॉमसची ब्रँच लाईन स्वतः मॉडेलमध्ये बांधून प्रदर्शनांत मांडली होती. तेव्हा हा छंद पोरकटपणा नाही, निदान पाद्र्यांना तरी चालतो, हे घरी सांगायला मला बरं पडलं :)

तर मलाही तशीच एक बांधायची होती. अंबाजोगाईच्या घरात वर पत्र्याची एक खोली पडून होती. वर्क फ्रॉम होमच्या कृपेने शनिवार-रविवार गावातच जातात. अंगणातून दिसणारा एकही रूळ आमच्या नशिबी नव्हता. रेल्वे बघायची तर परळीला जायचं, पंचवीस किलोमीटर. अशा माणसाने इंग्लंडमधली लाईन निवडली काय आणि जपानमधली निवडली काय, सारखंच.

जागा वाचवायची म्हणून अरुंद रुळांची, म्हणजे नॅरोगेज लाईन शोधत होतो. त्यात 'लीक अँड मॅनिफोल्ड' सापडली. इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमधली, अडीच फुटी रुळांची, जेमतेम सव्वाआठ मैलांची. 1904 मध्ये सुरू झाली, 1934 मध्ये बंद पडली. तीस वर्षांत दोनच इंजिनं, मुख्य माल म्हणजे दूध. फोटो बघताना काहीतरी ओळखीचं वाटत होतं. डब्यांना टोकाला उघडे सज्जे, इंजिनाच्या कपाळावर भलामोठा दिवा. इंग्लंडमधल्या गाड्यांना असा दिवा नसतो. हे थाट आपल्याकडचे. मग एका इंजिनाचं नाव वाचलं : 'ई. आर. कॅल्थ्रॉप'.

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप! बार्शी लाईटचा बाप.

बार्शी लाईट माहीत नसलेल्या (म्हणजे पुण्या-मुंबईच्या) वाचकांसाठी थोडक्यात. कॅल्थ्रॉप हा जीआयपी रेल्वेत नोकरीला आलेला इंग्रज इंजिनिअर. कुर्डुवाडीवरून जीआयपीचा मोठा रूळ जायचा, पण बार्शीची कापसाची आणि धान्याची पेठ तिथून वीस-बावीस मैल आत. कॅल्थ्रॉपने 1895 मध्ये लंडनला कंपनी काढली आणि 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अडीच फुटी रूळ टाकून गाडी चालू केली. म्हणजे ही अस्सल ब्रिटिश ब्रँच लाईनच, फक्त सोलापूर जिल्ह्यात. पुढे ती 1907 मध्ये तडवळ्यापर्यंत आणि 1911 मध्ये निजामाच्या हद्दीत लातूरपर्यंत गेली. दुसऱ्या बाजूने पंढरपूर, आणि 1927 मध्ये मिरज. एकूण सव्वातीनशे किलोमीटर. 1954 मध्ये सरकारने ती विकत घेतली.

कॅल्थ्रॉपची अक्कल कुठे होती ते सांगतो, कारण आमच्या धंद्यातल्या माणसाला ती चटकन कळते. त्याने एकच आकडा धरला : कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन पडणार नाही. इंजिन असो, डबा असो, वाघीण असो. हा नियम पाळला की रूळ हलका चालतो. यार्डाला तीस पौंडांचा, म्हणजे मीटरला साधारण पंधरा किलो. (आजच्या मोठ्या लाईनवर मीटरला साठ किलो असतो.) रूळ हलका म्हणजे खर्च कमी. आता इंजिन जड करायचं तर वजन जास्त आसांवर वाटायचं. म्हणून बार्शीच्या पहिल्या इंजिनांना जोडलेली आठ चाकं आणि मागे आणखी चार. लीड्सच्या किटसन कारखान्यात बनलेली ही इंजिनं. लीक अँड मॅनिफोल्डची दोन्हीही त्याच कारखान्यातली. वाघिणी सगळ्या एकाच मापाच्या पंचवीस फुटी सांगाड्यावर, सांगाडा दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याचा. एक इंटरफेस ठरवला आणि बाकी सगळं त्याभोवती लिहिलं! पुढे ह्याच माणसाने विमानातून उडी मारायचं पॅराशूटही बनवलं, 'गार्डियन एंजल' नावाचं. असो, विषयांतर होतंय.

म्हणजे मी जी इंग्लिश लाईन बांधायला निघालो होतो तिची थोरली बहीण माझ्या घरापासून साठ किलोमीटरवर लातूरला येत होती. अगदी माझ्या कॉलेजच्या दिवसांपर्यंत येत होती. 2008 मध्ये लातूर-कुर्डुवाडी मार्ग मोठ्या रुळांचा झाला, त्यानंतर पंढरपूर-मिरजही झाला, आणि बार्शी लाईट संपली. शंभराच्या वर वर्षं चालली ती.

आता गंमत बघा. तीस वर्षं चाललेल्या, सव्वाआठ मैलांच्या, दूध वाहणाऱ्या लाईनची काय काय माहिती मिळते? प्रत्येक स्टेशनचा नकाशा. दोन्ही इंजिनांची रेखाटनं, रिव्हेटसकट. डब्यांचा पिवळा रंग नेमका कुठला ह्यावर वाद. लाईन बंद पडल्यावर रूळ काढून तिथे पायवाट केली, ती आजही आहे, लोक मुद्दाम चालायला जातात. तिच्यावर पुस्तकं आहेत, तिची मॉडेलं किती जणांनी बांधली असतील ह्याची गणती नाही. आणि तिच्या वीसपटीहून मोठ्या, लाखो माणसं पंढरीला नेणाऱ्या आमच्या बार्शी लाईटची मला हवी तशी माहिती? इंजिनांची आणि कंपनीची मिळते. ती पुन्हा इंग्रजांनीच लिहिलेली. पण मालधक्का फलाटाच्या कुठल्या अंगाला होता, पाण्याची टाकी कुठे होती, तिकीटखिडकी किती उंच होती, हे कागदावर मिळता मिळेना. आमच्या भाषेत सांगायचं तर एका प्रॉडक्टचं डॉक्युमेंटेशन उत्तम आणि युजर मूठभर, दुसऱ्याचे युजर लाखो आणि रीडमी फाईलसुद्धा नाही.

पण युजर अजून आहेत ना! म्हटलं, इंग्लिश लाईन राहू दे. ती बांधायला इंग्लंडात माणसं आहेत.

मापाचं गणित आधी केलं, आणि ते इतकं छान जुळलं की तो रविवार मी खुशीतच काढला. अडीच फूट म्हणजे 762 मिलिमीटर. इंग्लंडवाले 1:76 ह्या प्रमाणात बांधतात, त्यात हा रूळ 10 मिमी व्हायला हवा. पण बाजारात छोट्या गाड्यांचा रूळ मिळतो तो 9 मिमीचा, म्हणून ते बिचारे एक मिलिमीटर गिळून टाकतात. युरोपातल्या 1:87 प्रमाणात 762 भागिले 87 म्हणजे 8.76 मिमी. पाव मिलिमीटरचा फरक! तो डोळ्याला दिसत नाही. ह्या हिशोबाने बार्शीची पंचवीस फुटी वाघीण होते साडेसत्याऐंशी मिलिमीटरची, आणि साडेपाच फुटी माणूस होतो एकोणीस मिमीचा, म्हणजे अंदाजे तांदळाचे तीन लांब दाणे एकावर एक. फक्त एक करावं लागलं. नेहमीच्या 9 मिमी रुळाचे स्लीपर फार बारीक आणि जवळजवळ असतात, कारण तो मुळात मोठ्या गाडीचा रूळ लहान करून काढलेला असतो. नॅरोगेजसाठी वेगळा मिळतो, स्लीपर लांब अंतरावर आणि जरा वेडेवाकडे बसवलेले. तो महाग पडतो, पण तिथे कंजूषी केली की सगळी जादू जाते.

मग स्टेशन कुठलं? तडवळ्याने मला मोह घातला. 1907 ते 1911 अशी चार वर्षं ते लाईनचं शेवटचं स्टेशन होतं. शेवटचं स्टेशन म्हणजे एकाच बाजूला फिडल यार्ड, निम्मी जागा वाचली. इंग्रजी पुस्तकातलं आदर्श टर्मिनस! पण 1910 चं तडवळं पाहिलेला माणूस आता कुठे सापडणार? मला ज्यांना विचारायचं होतं त्यांच्या आठवणी सुरू होतात 1955-60 पासून. म्हणून लातूर आणि बार्शीच्या मधलं, दोन्हीकडे गाडी जाणारं, 1965 च्या आसपासचं छोटं स्टेशन ठरवलं. दोन्ही टोकांना फिडल यार्ड आली, फळी बारा फुटांची झाली. पत्नीच्या शिलाई मशीनची जागा गेली. (ती वाटाघाट इथे लिहीत नाही.)

सुताराकडून प्लायवूडची पेटी करून घेतली, त्यावर रूळ नुसता ठेवला, आणि इमारती पुठ्ठ्याच्या केल्या. मुद्दामच काही चिकटवलं नाही. मग माणसं वर आणायला सुरुवात केली.

आमच्या गल्लीतले एक आजोबा, वय पंच्याऐंशीच्या पुढे, कितीतरी आषाढ्यांना लातूरहून बार्शी लाईटने पंढरपूरला गेलेले. जिना चढून आले, खुर्चीवर बसले आणि बराच वेळ नुसतं बघत राहिले. मी विचारलं, "आजोबा, मालधक्का ह्या बाजूला होता का त्या?" ते म्हणाले, "मला काय ठाव बाबा. आमी टपावर बसलेलो असायचो." मग स्वतःहून सांगू लागले. गाडीचा धूर कसा डोळ्यात जायचा, धोतराला कशी बारीक बारीक भोकं पडायची ठिणग्यांनी, चढ आला की पोरं उतरून बाजूने कशी चालायची. ऐकायला झकास, लेआउटला काडीचा उपयोग नाही! निदान तेव्हा मला तसं वाटलं.

आत्याची तऱ्हा वेगळी. तिला डब्याचा रंग पक्का आठवतो, तांबडा. आजोबांना पक्का आठवतो, तपकिरी. दोघांची समोरासमोर जुंपली. "तुमाला धुरात काय दिसणार होतं?" असं आत्याने त्यांना तोंडावर विचारलं. मी एक डबा दोन्ही बाजूंनी दोन रंगात रंगवला. आत्या आली की एक बाजू पुढे करतो, आजोबा आले की दुसरी.

खरा चमत्कार घडवला तो बार्शीकडच्या एका निवृत्त गार्डांनी. त्यांच्या नातवाशी ओळख निघाली आणि ते एका लग्नाच्या निमित्ताने अंबाजोगाईला आले, तेव्हा त्यांना घरी घेऊन आलो. त्यांना मी प्रश्नच विचारले नाहीत. ते खोलीत शिरले, चष्मा बदलला, आणि पुठ्ठ्याची पाण्याची टाकी उचलून हातभर लांब ठेवली. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "गाडी फलाटाला लागली की इंजिन कुठं येतंय बघा की. तिथंच टाकी पाहिजे. माणसं चढू-उतरू लागली तवर पाणी भरून व्हायला पाहिजे. नाहीतर पुन्हा गाडी हलवायची का पाण्यासाठी?" मग मालधक्का हलला, कारण बैलगाडीला वळायला जागा हवी. मग सांध्याची दांडी हलली, कारण सांधेवाल्याला गार्डाचा बावटा दिसला पाहिजे. अर्ध्या तासात अख्खं स्टेशन इकडचं तिकडे झालं. त्यांना चित्र आठवत नव्हतं, काम आठवत होतं. हात आपोआप जात होते.

तेव्हा मला आजोबांच्या गोष्टींचाही उपयोग कळला. चढावर पोरं उतरून चालत असतील तर तिथे रुळाच्या कडेला पाऊलवाट पडलेली असणार. ती पाऊलवाट आता लेआउटवर आहे, बोटाच्या नखाएवढी रुंद.

माती मात्र अस्सल आहे. इंग्रजी पुस्तकांत हिरवं गवत कसं उभं करायचं ह्यावर पानंच्या पानं असतात. आपल्याला काय करायचंय त्याचं? मी शेतातली काळी माती आणली, वाळवली, वस्त्रगाळ केली. पण एक सांगतो, कोणी करणार असाल तर तिच्यातून आधी लोहचुंबक फिरवा. आपली काळी माती बेसॉल्टची, त्यात लोहाचे बारीक कण असतात. पहिल्याच फेरीत चुंबकाला दाढी आली. हे कण मोटारीत गेले तर इंजिन संपलंच. मग फेव्हिकॉलमध्ये पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून ते ड्रॉपरने सोडायचं. साबणामुळे पाणी मातीत मुरतं, नाहीतर वर गोळ्या होऊन पळतं. बाभळी तांब्याच्या तारेच्या केल्या. खडी म्हणजे खडीक्रशरजवळची कच, चहाच्या गाळणीतून चाळलेली.

उन्हाळ्याचा प्रश्न इंग्रजांच्या पुस्तकात नाही. पत्र्याच्या खोलीत डिसेंबरच्या पहाटे 12 अंश आणि मे महिन्यात 42. अडीच मीटर रूळ तीस अंशांच्या फरकाने साधारण सव्वा मिलिमीटर लांबतो. ऐकायला काहीच नाही, पण 9 मिमीच्या रुळाला सव्वा मिलिमीटर म्हणजे सापासारखं वळण. म्हणून खऱ्या रेल्वेसारख्या सांध्यांत फटी ठेवल्या. फरक एवढाच की मी त्या हिवाळ्यात बसवल्या, व्हिजिटिंग कार्डाची जाडी मोजून. सांधे बदलायला छोट्या सर्व्हो मोटारी आणि एक आर्डुइनो आहे. त्याचा कोड दीडशे ओळींचा असेल. आठवडाभर ऑफिसात तेच करतो, इथे कमीत कमी ठेवलाय.

स्टेशनच्या पाटीवर काय लिहायचं, हा सगळ्यात मोठा वाद झाला.

आमचे एक काका बीडला असतात. त्यांनी लेआउट पाहिला आणि सरळ म्हणाले, "बीड लिही." म्हटलं, काका, बार्शी लाईट बीडला कधी आलीच नाही. "मग आण की! लातूरला आणली, बीडला आणायला तुझं काय जातंय? प्लायवूडच तर आहे!" त्यांचं म्हणणं छंदाच्या नियमात बसणारंच होतं. इंग्लंडात निम्म्या ब्रँच लाईनी काल्पनिक असतात. ह्या खोऱ्यात रेल्वे आली असती तर कशी दिसली असती, असं धरून बांधतात, आणि कोणी नाक मुरडत नाही. आणि बीडच्या माणसाने हे म्हणावं ह्यात हसण्यासारखं काही नव्हतं. अहमदनगर-बीड-परळी लाईन 1995 च्या सुमारास मंजूर झाली. तेव्हा काका तिशीत होते. ते निवृत्त झाले तरी जिल्ह्याच्या गावाला रेल्वे नव्हती. दर बजेटच्या दिवशी ते टीव्हीसमोर बसायचे.

तरी मी नाही म्हटलं, आणि आजही माझं मत तेच आहे. इंग्रजाला काल्पनिक स्टेशन परवडतं, कारण त्याची खरी स्टेशनं कागदावर सुरक्षित आहेत. कोणाला शंका आली तर पुस्तक उघडून बघता येतं. माझ्या फळीवर गार्डसाहेबांची टाकी आहे, आजोबांची पाऊलवाट आहे, आणि ह्याची दुसरी प्रत नाही. त्यात मी बीड घुसवलं तर वीस वर्षांनी बघणाऱ्याला कसं कळणार की टाकी खरी आणि बीड खोटं? काका रागावले. "खरं खरं करत बस," म्हणून गेले.

2022 च्या सप्टेंबरमध्ये नगरहून आष्टीपर्यंत गाडी सुरू झाली. आणि 17 सप्टेंबर 2025 ला, मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरला पहिली गाडी सुटली. पुढचं परळीपर्यंतचं काम तेव्हा बाकीच होतं, पण बीडच्या फलाटाला गाडी लागली. काकांनी रात्री फोन केला. गर्दीत त्यांना इंजिन नीट दिसलंच नव्हतं, आवाज मात्र ऐकला होता. दहा मिनिटं त्या आवाजाबद्दल बोलले. पाटीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

पाटी अजून कोरी आहे. चार माणसांच्या आठवणी एका फळीवर आल्यात, आणि चौघांची स्टेशनं चार. त्याला एका गावाचं नाव देणंही खोटंच. गार्डसाहेब म्हणाले, राहू द्या कोरी, नाहीतरी उतरणाऱ्याला आपलं गाव ठाऊक असतं.

जुन्या मार्गावर आता बघायला फारसं काही नाही. मोठे रूळ टाकताना लाईन धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद) शहराकडून वळवून घेतली. शहराला रेल्वे मिळाली, हे चांगलंच झालं. एप्रिल 2016 मध्ये लातूरला पाण्याची गाडी आली ती आठवत असेल. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी करत लातूरला आली. म्हणजे कॅल्थ्रॉपच्याच वाटेने, बहुतेक. अडीच फुटी रूळ असते तर तेवढं पाणी आणायला किती गाड्या लागल्या असत्या ह्याचा हिशोब मी केला होता. पंधरा टनांची एक वाघीण धरली तर पाच लाख लिटरला चौतीस वाघिणी, आणि त्या ओढायला किती इंजिनं ते गार्डसाहेबांना विचारायचं राहिलंय. नॅरोगेज गेली म्हणून गळा काढणाऱ्यांपैकी मी नाही. लातूरकरांना पाणी हवं होतं, सज्जाचे डबे नकोत. नोंद ठेवायची एवढंच माझं म्हणणं.

सध्या काम चालू आहे ते आषाढीच्या गाडीचं. आजोबांचा हट्ट आहे की टपावर माणसं पाहिजेत, आणि गर्दी पाहिजे. बाजारात 1:87 ची माणसं मिळतात, पण ती सगळी जर्मन. कोट, हॅट, हातात ब्रीफकेस. हॅट तासून काढायची, पुट्टीचा फेटा चढवायचा, कोटाचा सदरा करायचा, पायजम्याऐवजी धोतर रंगवायचं. ब्रीफकेस कापून खांद्यावर पताका. एका माणसाला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. दोनशे वारकरी हवेत. चौतीस झालेत. बायका मुळीच मिळत नाहीत, म्हणजे नऊवारीतल्या. त्या मुळापासून घडवाव्या लागणार, आणि त्यांच्या डोक्यावर तुळस. आत्याने सांगून ठेवलंय की पहिली बाई ती स्वतः असणार, आणि तिला टपावर नाही, खिडकीजवळ बसवायचं.